सायप्रस की क्रीट? फक्त मोठ्यांच्या रिसॉर्टमध्ये एक आठवडा काढायचा असेल तर

गेल्या महिनाभरात तिघांनी मला एकच विचारलं, पोरांना आजी-आजोबांकडे ठेवून आठवडाभर दोघंच जायचंय, ॲडल्ट्स-ओन्ली बीच रिसॉर्ट घ्यायचंय, तर सायप्रस बरं की ग्रीसचं क्रीट बेट. फोनवर प्रत्येकाला थोडं थोडं सांगितलं पण काही ना काही राहूनच गेलं, म्हणून एकदा नीट लिहून टाकतोय. आम्ही दोन्ही केलंय. सायप्रस २०२३ च्या सप्टेंबरात, क्रीट २०२५ च्या सप्टेंबरात, आणि दोन्ही वेळी सांगलीहून आई-बाबा आमच्याकडे फ्रँकफर्टला आलेले होते म्हणूनच ते जमलं. बाबा सकाळी पोरांना शाळेत सोडायचे, आई डबे करायची, आणि आम्ही रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचो.

स्पा, जिम, नाश्त्याला किती प्रकार, हे सगळं सोडून देतो कारण पाच स्टार घेतलं की ते दोन्हीकडे असतंच. वयाची अट मात्र बघून घ्या, कुठे सोळा असते कुठे अठरा, आणि तुमचा सतरा वर्षांचा मुलगा सोबत यायचा असेल तर त्यावरच सगळं ठरेल.

आधी समुद्र. यात सायप्रस सरळसरळ पुढे आहे असं मला वाटतं. आम्ही प्रोतारासच्या बाजूला होतो, तिथला फिग ट्री बे बघितलात तर कळेल, वाळू बारीक, पाणी उथळ, कमरेएवढ्या पाण्यात बरंच आतपर्यंत चालत जाता येतं. माझ्या बायकोला पोहता येतं पण पाय टेकला नाही की ती घाबरते, आणि तिथे ती तासन् तास पाण्यात होती. क्रीटला आम्ही एलुंडाला राहिलो, मिराबेलोच्या आखातात, आणि तिथे किनारा बहुतेक खडकाळ, वाळूचे तुकडे छोटे छोटे. आमच्या रिसॉर्टने खडकांवर लाकडी प्लॅटफॉर्म केले होते आणि त्यावरून लोखंडी शिडीने थेट पाण्यात उतरायचं, तिसऱ्या पायरीनंतर खाली काही नाही. पाणी इतकं नितळ की शिडीचा शेवटचा दांडा, त्याला चिकटलेलं हिरवं शेवाळ आणि त्याच्याखाली खडकाच्या फटीत बसलेले काळे काटेरी सी-अर्चिन, सगळं वरूनच दिसतं. रबरी शूज न्याच. बायकोने पहिले दोन दिवस शिडी सोडली नाही, तिसऱ्या दिवशी सोडली, आणि मग तिला पाण्याबाहेर काढणं मुश्किल झालं. पण ज्यांना पोहताच येत नाही त्यांनी एलुंडा घेऊ नये, क्रीटच हवं असेल तर रेथिम्नोची बाजू घ्यावी, तिथे शहरापासून पूर्वेला कितीतरी किलोमीटर सलग वाळू आहे.

दुसरं म्हणजे वारा, आणि क्रीटबद्दल हे लपवून चालणार नाही. उन्हाळ्यात तिथे उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, जोर जुलै-ऑगस्टमध्ये जास्त, सप्टेंबरात हळूहळू कमी होत जातो. बाल्कनवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानच्या बाजूला कमी, त्यातून हा वारा वाहतो, आणि गंमत म्हणजे तुर्कस्तानवरचा तो कमी दाबाचा पट्टा आपल्याकडे मान्सून ओढून आणणाऱ्या उन्हाळी कमी दाबाचंच पश्चिमेकडचं टोक असतं. म्हणजे सांगलीत पाऊस आणि इकडे हा वारा, दोघांचं मूळ जवळजवळ एकच! आमच्या सात दिवसांतले दोन दिवस वाऱ्यात गेले, छत्र्या मिटवून बांधल्या होत्या, लाल झेंडा लागला होता, टेबलावरचा नॅपकिन हातात धरून जेवावं लागत होतं. सायप्रसला असं काही झालं नाही. तिथे उलट गरम होतं, दुपारी दोन ते चार बाहेर बसवत नव्हतं, पण समुद्र कोमट आणि शांत. ऑक्टोबरच्या शेवटाला जाणार असाल तर मी तरी सायप्रसच म्हणेन.

गाडीचंही तसंच. सायप्रस १९६० पर्यंत ब्रिटिशांकडे होतं त्यामुळे तिथे आपल्यासारखं डावीकडून चालवतात, प्लग तीन पिनांचे इंग्लंडसारखे. भारतातून येणाऱ्या माणसाला भाड्याची गाडी घेऊन लगेच फिरता येतं. आम्हाला जर्मनीतून ॲडाप्टर न्यावा लागला एवढंच.

खाण्यात मला दोन्ही आवडले. सायप्रसला लूवी म्हणून चवळीची भाजी मिळते, साधी, लिंबू आणि ऑलिव्ह तेल घातलेली, आणि कोलोकासी म्हणजे चक्क आपली अळकुडी, फक्त बऱ्याचदा डुकराच्या मांसासोबत शिजवतात म्हणून आधी विचारून घ्या. क्रीटला शाकाहारी माणसाने एक शब्द पाठ करावा, निस्तीसिमो, म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स लोकांच्या उपवासाला मांस, दूध, अंडं चालत नाही, त्यामुळे हा शब्द म्हटला की वेटरला लगेच कळतं, मोठे मोठे बीन्स, भात भरलेले टोमॅटो, तेलातल्या भाज्या असं सगळं येतं (कोळंबी-माकूळ त्यांच्या उपवासाला चालतात, तेवढं सांगा). दाकोस तर मी रोज खाल्ला, सातूच्या जाड टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि ताजं चीज, वरून तेल, टोस्ट खालून मऊ होतो आणि कडेला कुरकुरीत राहतो.

व्हिसाचं थोडक्यात. क्रीट शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आणि आमचं जर्मन रेसिडेन्स कार्ड होतं त्यामुळे प्रश्नच नाही. सायप्रस २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे पण आम्ही गेलो तेव्हा शेंगेनमध्ये नव्हतं, आमच्या कार्डावर प्रवेश मिळाला, पण परत येताना फ्रँकफर्टला पासपोर्टच्या रांगेत उभं राहावं लागलं. भारतातून थेट येणाऱ्यांनी तिकीट काढायच्या आधी तेव्हाचा नियम बघूनच घ्यावा. क्रीटला एक वेगळा खर्च धरा, ग्रीस सरकारची क्लायमेट फी, २०२५ मध्ये पाच स्टारला एप्रिल ते ऑक्टोबर खोलीमागे रात्रीला १५ युरो होती, म्हणजे आमचे सात रात्रींचे १०५ युरो बुकिंगच्या वर रिसेप्शनला गेले.

इथपर्यंत वाचून सायप्रसचं पारडं जड वाटेल, आणि कागदावर ते आहेच. माझं मत फिरलं ते एका टॉवेलमुळे.

सायप्रसचं आमचं रिसॉर्ट मोठं होतं, चारेकशे खोल्या असतील, मनगटावर पट्टा, सगळं ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे खाणं-पिणं आधीच भरलेल्या पैशांत. पहिल्या दिवशी आम्ही आरामात साडेनऊला नाश्ता करून खाली आलो तर पूलभोवती आणि वाळूवर एकही सनबेड मोकळा नाही. माणसं जेमतेम पंधरा, आणि टॉवेल दोनशे. प्रत्येक सनबेडवर निळा टॉवेल, त्यावर एखादं पुस्तक नाहीतर चप्पल, वाऱ्याने उडू नये म्हणून. समोर पाटी लावलेली, अर्ध्या तासाहून जास्त वेळ रिकाम्या सनबेडवरचे टॉवेल उचलले जातील. कोणी उचलत नव्हतं. मी जाऊन पूलवर काम करणाऱ्या मुलाला सांगितलं तर तो खरोखर ओशाळला, म्हणाला उचलले की पाहुणे भांडतात, आम्हाला सांगितलंय की हात लावू नका.

सांगली स्टँडवर लहानपणी मी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आजीसाठी जागा धरलेली आहे, त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही, कारण गाडी एकच असते, आजीचे गुडघे दुखत असतात आणि रुमाल टाकणारा पुढच्या पाच मिनिटांत येऊन बसतो. इथे रुमाल टाकून माणूस परत झोपायला जातो आणि अकराला उगवतो! आणि आम्ही पोरांना सोडून, वर्षभराची सुट्टी त्यात घालून, एवढे पैसे भरून आलेलो ते एवढ्याचसाठी की सकाळी कोणीही उठवू नये.

दुसऱ्या दिवसापासून मीही उठायला लागलो. सहा-दहाला खाली, गाद्या दवाने ओल्या, कामगार अजून फरशीवर पाइप मारतायत, आणि आम्ही दहा-बारा नवरे काखेत टॉवेल घेऊन एकमेकांकडे न बघता झपाझप चालतोय. बायको वर झोपलेली असायची पण दार उघडल्याच्या आवाजाने तिची झोप मोडायचीच. चौथ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "अरे, घरी निदान सात वाजता तरी उठतो आपण." त्यानंतर आम्ही टॉवेल टाकणं बंद केलं आणि उरलेले दिवस खोलीच्या बाल्कनीत बसलो. बाल्कनी छान होती, समुद्र दिसायचा. पण नुसता बघायला नव्हतो ना आलो.

एका रिसॉर्टवरून अख्ख्या बेटाबद्दल बोलणं बरोबर नाही, मला मान्य आहे. क्रीटलाही मोठ्या हॉटेलांत हेच चालतं असं ऐकलंय, आणि सायप्रसलाही शांत, छोटी ठिकाणं असणारच. तरी मला असं वाटतं की प्रोतारास आणि आयिया नापाच्या सपाट वाळूवर मोठी हॉटेलं जशी ओळीने बसतात तशी एलुंडाच्या उतारावर बसत नाहीत, तिथे जागाच तुकड्या-तुकड्याने मिळते. आमचं क्रीटचं रिसॉर्ट साठ खोल्यांचं होतं. चेक-इनच्या वेळी किल्लीबरोबर एक लाकडी बिल्ला दिला, २७, आणि खाली प्लॅटफॉर्मवर दोन सनबेडच्या मधल्या छोट्या टेबलावर पितळी पट्टी, २७. आठवडाभर ती जागा आमची. आम्ही कधी दहाला गेलो, कधी जेवून तीनला, एकदा तर दिवसभर गेलोच नाही, आणि सनबेड तिथेच, टॉवेल घडी घालून ठेवलेला. पहिल्या दिवशी बायकोने ती पितळी पट्टी बोटाने पुसून बघितली आणि काहीच न बोलता आडवी झाली. ती वाऱ्याबद्दल दोन दिवस कुरकुरली असेल, पण सकाळबद्दल एकदाही नाही.

आणखी एक फरक मला नंतर जाणवला. ऑल-इन्क्लुझिव्ह घेतलं की पैसे आधीच गेलेले असतात, मग बाहेर जेवावंसं वाटत नाही. सायप्रसला आम्ही गाडी घेऊन फक्त एकदा बाहेर पडलो, देरिनियाला, तिथून ओसाड पडलेल्या वरोशाची हॉटेलं दिसतात. १९७४ च्या आधी तेच बेटाचं सगळ्यात गाजलेलं बीच होतं, आणि त्या वर्षी तुर्की सैन्य आल्यावर लोक घरं टाकून गेले ते कायमचेच. ते बघून आल्यावर दोघांनाही संध्याकाळभर बोलवेना. क्रीटला फक्त नाश्ता आणि रात्रीचं जेवण होतं, त्यामुळे दुपारी जवळच्या प्लाका गावाला जायचो, समोर स्पिनालोंगा. १९०३ ते १९५७ त्या बेटावर कुष्ठरोग्यांना ठेवत, आता प्लाकाहून बोट काही मिनिटांत नेते, व्हेनिसच्या काळातला किल्ला आणि मधून जाणारी रोग्यांची गल्ली दोन्ही बघता येतात. परत आल्यावर किनाऱ्यावरच्या खानावळीत जेवलो की मालक न मागता कलिंगडाच्या फोडी आणि छोट्या बाटलीत राकी, म्हणजे तिथली दारू, आणून ठेवायचा, बिलात त्याचे पैसे नसायचे.

तर उथळ पाणी हवं असेल, वारा अजिबात नको असेल, डावीकडून गाडी चालवायची असेल, सायप्रसला जाऊन तुम्हाला वाईट वाटणार नाही. आम्हाला दोघांना मात्र परत जायचं म्हटलं की एलुंडाच आठवतं. कुठेही जा, पैसे भरायच्या आधी हॉटेलला एक मेल टाका आणि एवढंच विचारा की सनबेड खोलीप्रमाणे नेमून दिलेले आहेत का. नसतील तर टॉवेलचा नियम काय आणि तो पाळायला सकाळी कोण उभं असतं तेही विचारा. आमच्या क्रीटच्या हॉटेलने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं होतं, सोबत प्लॅटफॉर्मचा नकाशा, खोल्यांच्या नंबरांसकट. सायप्रसला मी विचारलंच नव्हतं. यंदा आई-बाबा मे मध्ये येतायत, तेव्हा मेल्तेमी सुरू झालेला नसतो, समुद्र जरा गार असेल, पण २७ नंबर मिळतोय का ते विचारून ठेवलंय.