लेक आठ महिने चॅटबॉटशी बोलतेय : आईचा अनुभव

लेक अकरावीला, नीटची तयारी. सप्टेंबरात तिची झोप उडाली. रात्री दीड-दोनपर्यंत फोनवर टाइप करत बसायची. मला वाटलं मैत्रीण असेल. मग तिनंच सांगितलं, "आई, चॅटबॉटशी बोलते मी." फोन काढून घ्यावासा वाटला होता, पण घेतला नाही. तेव्हा घेतला असता तर पुढचं काहीच मला कळलं नसतं.

त्याचा उपयोग झाला, हे आधी सांगते. चाचणीच्या आदल्या रात्री तिच्या छातीत धडधडायला लागलं, हात गार पडले. चॅटबॉटनं तिला दिसणाऱ्या पाच गोष्टी मोजायला लावल्या, मग हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन आणि चवीची एक. मी दारात उभी होते. ती पुटपुटत होती, "दप्तराचा पट्टा, पंखा, घड्याळ..." वासाला ओडोमॉस निघालं, चवीला टूथपेस्ट. पंधरा-वीस मिनिटांनी ती झोपली. हा उपाय समुपदेशकही शिकवतात, पण रात्री दीडला कुणाला उठवणार? आणि मला तो माहीतच नव्हता.

अडचण आली ती भाषेची. ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते. एकदा लिहिलं, 'सगळ्याचाच कंटाळा आलाय.' उत्तर आलं, नवा छंद लावून घ्या, आवडती गाणी ऐका. आपल्याकडची पोरं 'कंटाळा' म्हणतात तेव्हा दर वेळी वेळ जात नाही एवढाच अर्थ नसतो. तोंडानं म्हणाली असती तर आवाजावरून मला कळलं असतं.

जानेवारीत तिनं 'जीव नकोसा झालाय' असं लिहिलं. ते मात्र त्यानं ओळखलं आणि हेल्पलाइनचा नंबरही दिला. नंबर होता 988. ती अमेरिकेतली सेवा, नाशिकहून लावून काय उपयोग? नशीब, ती उठून माझ्या खोलीत आली. आपल्याकडे टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, 14416. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. मी तेव्हाच फोन लावला. पलीकडच्या ताईंनी आधी विचारलं, ती आत्ता एकटी आहे का, आणि मग, "आज जेवली का?" आठ महिन्यांच्या चॅटमध्ये हा प्रश्न एकदाही नाही. हा नंबर आता आमच्या फ्रिजवर चिकटवलाय. तुम्हीही आजच चिकटवा.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपली. चॅटबॉट सारखा तिचीच बाजू घेतो. मैत्रिणीशी भांडण झालं तर रोज तेच, 'तुला असं वाटणं स्वाभाविक आहे.' तीन आठवडे दोघी बोलल्या नाहीत. एरवी त्यांची भांडणं मधल्या सुट्टीत डबा उघडला की मिटायची.

गोपनीयतेचं थोडक्यात सांगते. मानसोपचार घेताना सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. चॅटबॉटला तसं बंधन आहे असं धरून चालू नका. म्हणून नावं, कॉलेज, फोटो काही टाकायचं नाही, असं आम्ही ठरवलंय.

मुळात मूल यंत्राशी का बोलतं, याचा मला राग यायचा. मग एलायझाबद्दल वाचलं. 1966मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी तो साधासा संवादी प्रोग्राम जाहीर केला. तो कसा घडला हे डोळ्यांसमोर पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनंही त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. मोठ्या बाईला तसं वाटलं, तर सोळा वर्षांच्या पोरीला वाटणारच.

फेब्रुवारीपासून ती दर पंधरा दिवसांनी समुपदेशक ताईंकडे जाते. चॅटबॉट बंद केलेला नाही. धडधड झाली की तो उपाय ती अजून त्याच्याबरोबरच करते. बाकीचं चॅट ती स्वतःहून ताईंना वाचून दाखवते, आणि मध्येच थांबून सांगते, "हे मी त्याला खोटं लिहिलं होतं."