कंपनीने सोडलेल्या फोनवर लिनिएजओएस: चार महिने वापरल्यावर

माझ्या फोनवर कंपनीचा शेवटचा अपडेट आला तेव्हा तो शेवटचा आहे हे कुणी सांगितलं नाही. एरवी महिन्या-दोन महिन्यांनी वरून एक पट्टी सरकायची, ‘नवीन अपडेट उपलब्ध’. ती यायची बंद झाली आणि माझ्याही ते लक्षात आलं नाही. मग २०२५ च्या सुरुवातीला सहज ‘फोनबद्दल’ उघडून पाहिलं, तर सुरक्षा पॅचची, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्तीची, तारीख फेब्रुवारी २०२४. खालचं ‘अपडेट तपासा’ दाबलं तर उत्तर आलं, तुमचा फोन अद्ययावत आहे. वर्षभर शिळा माल आणि वर ताजेपणाचा शिक्का!

फोनला तसं काहीच झालेलं नव्हतं. स्क्रीनला ओरखडा नाही, बॅटरी दिवस काढते, आवाज खणखणीत. पस्तीस वर्षं वायरिंग आणि मोटर रिवाइंडिंगची कामं केलेल्या माणसाला चालती वस्तू टाकवत नाही. “मामा, टाक आता तो. नवा घे,” भाचीचं पालुपद सुरू होतंच. पण लिनिएजओएसचं नावही पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकलं, त्यामुळे पुढच्या उद्योगाचा निम्मा दोष तिचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. तो घेऊन, एकेका फोनला बसवून, फुकट वाटण्याचं काम लिनिएजओएसचे स्वयंसेवक करतात. पूर्वी हेच काम सायनोजेनमॉड नावाने चालायचं. त्यामागची कंपनी गळाठली, डिसेंबर २०१६ मध्ये तिने हे काम बंद केलं, आणि त्याच कोडवर त्याच मंडळींपैकी अनेकांनी लिनिएजओएस उभं केलं. म्हणून याचे आकडे अँड्रॉइडच्या आकड्यांशी जुळत नाहीत, ते सायनोजेनमॉडचे पुढे चालू आहेत. लिनिएजओएस २२ म्हणजे अँड्रॉइड १५. माझा फोन अँड्रॉइड ११ घेऊन आला होता आणि कंपनीने त्याला १३ वर सोडलं होतं.

पहिली अडचण फोनच्या नावाची. बॉक्सवरचं नाव इथे कामाचं नाही. प्रत्येक मॉडेलला आतलं एक कोडनेम असतं आणि एकाच नावाच्या दोन फोनांत चिप वेगळी असू शकते. एकाची फाइल दुसऱ्यात घातली तर फोनची वीट होते. हा शब्दच रूढ आहे, ‘ब्रिक झाला’ म्हणतात. मी कोडनेम तीनदा ताडून पाहिलं. मोटरच्या नेमप्लेटवरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय जोडणी करायची नाही, ही सवय इथे उपयोगी पडली.

दुसरी अडचण बूटलोडरची. फोन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होतो तो बूटलोडर, आणि कंपनीची सही असलेली प्रणालीच तो पुढे सोडतो. तो उघडायला आमच्या कंपनीने परवानगीचा अर्ज भरायला लावला आणि वर सात दिवस थांबवलं. फोन माझा, पैसे मी दिलेले, आणि कुलूप उघडायला सात दिवसांची नोटीस. असो. काही कंपन्या तर हे कुलूप उघडूच देत नाहीत, त्यांच्या फोनधारकांनी हा परिच्छेद वाचून पुढचा लेख सोडून दिला तरी चालेल. कुलूप उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, फोटो-बिटो सगळं. ते मुद्दाम आहे. तसं नसतं तर चोराने फोन उघडून तुमचा डेटा वाचला असता.

प्रत्यक्ष चढवायला लॅपटॉप, चांगली केबल आणि एक संध्याकाळ लागली. सूचनांची पानं स्वच्छ लिहिलेली आहेत. प्रत्येक फोनचं वेगळं पान, क्रमाने पायऱ्या, आणि आधी कंपनीचं कोणतं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, फोनवर असायला हवं तेही लिहिलेलं. कित्येक पंपांसोबत येणारं माहितीपत्रक याच्या पासंगालाही पुरणार नाही. साइडलोड, म्हणजे केबलवरून फाइल फोनमध्ये ढकलणं, सुरू केलं, टक्के वाढत गेले, आणि ४७ वर गाडी थांबली. लॅपटॉपवर ओळ उमटली: ‘फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस’. म्हणजे फसलं, आणि यशस्वीही झालं! मी केबलला हात न लावता दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. मग सूचना पुन्हा वाचल्या, तर त्यात साफ लिहिलेलं, काही वेळा आकडा ४७ वर थांबतो आणि हाच संदेश येतो, काम मात्र झालेलं असतं. झालेलं होतं.

खरी चूक पुढे माझी झाली. लिनिएजओएसमध्ये गूगलचं काहीच नसतं. प्ले स्टोअर नाही, नकाशे नाहीत. हवे असतील तर त्यांचं पॅकेज, ज्याला सगळे गॅप्स म्हणतात, फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधी रिकव्हरीतूनच, म्हणजे प्रणाली चढवायच्या वेगळ्या मेनूतूनच, चढवायचं असतं. मी उत्साहात ‘रीबूट’ दाबलं. नवी प्रणाली झोकात उघडली, भाचीला फोटो पाठवला, आणि मग लक्षात आलं की प्ले स्टोअर नाही. पुन्हा रिकव्हरी, पुन्हा सगळं पुसणं, पुन्हा पहिल्यापासून. “मामा, वाचलं नाहीस ना?” एवढाच निरोप आला.

वापराबद्दल सांगायचं तर पहिला आठवडा हाताला चुकल्यासारखं वाटत होतं. फोन इतका मोकळा! कंपनीने भरलेली गेम, थीम, दुसरं ब्राउझर, तिसरी गॅलरी, बातम्यांची पट्टी, सगळं गेलेलं. रात्री फोन बाजूला ठेवला तर पूर्वी सकाळपर्यंत आठ-नऊ टक्के बॅटरी उतरायची, आता तीन-चार. बॅटरी तीच आहे, जुनी. आत बसून पिणारे कमी झाले. चार्जिंग ठरावीक टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे, मी ८० वर लावली आहे. लिथियमच्या बॅटरीला तासन्‌तास शंभरावर टांगून ठेवलं की ती लवकर म्हातारी होते, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

अपडेट मला आठवड्याला एक येतो. फोन वापरत असताना तो मागच्या बाजूला चढत राहतो, मग एकदा बंद-चालू करायचा. चार महिन्यांत एकदाही काही मोडलं नाही. हे मी दबक्या आवाजात लिहितोय.

आता कॅमेरा. इथे ज्यांना फोन म्हणजे कॅमेरा वाटतो त्यांनी विचार करावा. लेन्स आणि सेन्सर तेच राहतात, पण रात्रीच्या फोटोत उजेड भरणारं, चेहरे सावरणारं गणित कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये असतं, ते अ‍ॅपबरोबर जातं. लिनिएजओएसचं अ‍ॅपर्चर नावाचं साधं, नीटनेटकं कॅमेरा अ‍ॅप आहे. उन्हात फोटो चांगले येतात, क्यूआर कोडही त्यातच वाचता येतो. रात्रीचे फोटो मात्र पूर्वीसारखे येत नाहीत. मी फोटो काढतो ते जळलेल्या टर्मिनलांचे आणि गळणाऱ्या नळांचे. माझं भागतं.

व्हिडिओचीही एक गोम आहे. पैसे भरून पाहायच्या व्हिडिओ सेवा वाइडवाइन नावाची सुरक्षा वापरतात. तिची वरची पायरी एल१, खालची एल३. बूटलोडर उघडल्यावर माझा फोन एल३ वर उतरला, त्यामुळे तिथे चित्रपट पूर्वीसारखा कोरीव दिसत नाही. सहा इंचांच्या पडद्यावर मला फरक पडला नाही. भाचीला दोन हातांवरूनही दिसतो म्हणे.

बँकेच्या अ‍ॅपने मात्र दारातच अडवलं. असं अ‍ॅप गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतं, हा फोन कंपनीने दिला तसाच आहे का? बूटलोडर उघडा असेल तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ येतं आणि अ‍ॅप बंद होतं. यातली गंमत बघा. वर्षभर जुना पॅच आणि बंद बूटलोडर असलेला फोन बँकेला चालत होता. ताजा पॅच आणि उघडा बूटलोडर असलेला चालत नाही. पळवाटा सांगणारे पुष्कळ भेटतात, पण पैशाच्या कामात अशी जुगाडं करू नयेत असं माझं मत आहे. फ्यूजच्या जागी जाड तार बांधणारे मी आयुष्यभर पाहिले, दिवा लागतो, पण कशाच्या जिवावर ते नंतर कळतं. बँकेची कामं आता मी लॅपटॉपवर करतो. दुसऱ्या बँकेचं अ‍ॅप मात्र काही न विचारता सुरू झालं, त्यामुळे तुमचं काय होईल ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. आणि बँकेसाठी म्हणून बूटलोडर पुन्हा बंद करायला जाऊ नका. आत परकी प्रणाली असताना कुलूप लावलं तर फोन उघडेलच याची खात्री नसते.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी मला तिसऱ्या महिन्यात कळली. सेटिंग्जमध्ये ‘ट्रस्ट’ नावाचा एक भाग आहे. फोनच्या सुरक्षेची कुंडलीच म्हणा. तिथे पॅचच्या दोन तारखा दिसतात. एक प्लॅटफॉर्मची, म्हणजे अँड्रॉइडची. दुसरी व्हेंडरची, म्हणजे मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग), ग्राफिक्स, कॅमेऱ्याचे ड्रायव्हर (त्या भागांना चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे जे चिपवाले आणि फोनवाले बंद पाकिटातून देतात त्यांची. माझी पहिली तारीख जून २०२५. दुसरी फेब्रुवारी २०२४. तीच जुनी! २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर ट्रेबल नावाची रचना आली आणि अँड्रॉइड व ड्रायव्हर यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. जुन्या ड्रायव्हरवर नवं अँड्रॉइड बसवणं त्या भिंतीमुळे सोपं झालं. पण भिंतीपलीकडचं कुलूप स्वयंसेवकांच्या हातात नाही. त्या पाकिटाचा मूळ कोडच त्यांच्याकडे नसतो.

घरभर नवं वायरिंग केलं, नवे स्विच, नवी अर्थिंग, आणि मीटरपाशी मेन स्विच मात्र जुनाच, तशी ही अवस्था. वायरिंग केल्याचा फायदा खराच आहे. रोज धोका ज्या वाटांनी येतो, वेबपान, फाइल, आलेला संदेश, त्यातल्या बहुतेक वाटा अँड्रॉइडच्या बाजूला आहेत. २०१५ मध्ये स्टेजफ्राइटचं प्रकरण गाजलं, नुसत्या आलेल्या व्हिडिओ संदेशाने फोन काबीज होऊ शकतो असं, आणि त्याच ऑगस्टपासून गूगलने महिन्याला पॅच काढायला सुरुवात केली. तशी भोकं माझ्या फोनवर आता बुजतात. मोडेममधलं भोक बुजणार नाही. हे प्रकल्पवाले लपवत नाहीत, स्वतःच्याच प्रणालीत ठळक दाखवतात. कंपनीच्या ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’पेक्षा मला हे शंभरपट आवडलं.

मग घ्यावं का? फोन दुसरा असेल, हाताला थोडी तांत्रिक सवय असेल, रात्रीचे फोटो आणि बँकेचं अ‍ॅप यावाचून अडत नसेल, तर डोळे झाकून. म्हणजे सूचना वाचताना डोळे उघडे ठेवून. आईच्या एकुलत्या एका फोनवर, जिच्या बँकेपासून औषधांपर्यंत सगळं त्यात आहे, मी चढवणार नाही. नवा फोन घेणार असाल तर या भानगडीत पडायचीच गरज पुष्कळ वर्षं येऊ नये. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून गूगलने आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंगने त्या मालिकांना ७ वर्षांचे अपडेट कबूल केले आहेत. युरोपियन संघातही २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय, मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान ५ वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. घेताना मेगापिक्सेलच्या आधी हा आकडा विचारा.

एक धोका इथेही आहे. प्रत्येक फोनमागे एखादा-दुसरा माणूस असतो, फावल्या वेळात काम करणारा. त्याने तो फोन विकला, किंवा त्याला लेकरू झालं, की त्या मॉडेलचे अपडेट थांबू शकतात. माझ्या फोनच्या पानावर सांभाळणाऱ्याचं टोपणनाव आहे. त्याचा फोन शाबूत राहो अशी माझी अगदी स्वार्थी इच्छा आहे.

परवा भाचीचा निरोप आला. तिच्या फोनची पट्टी यायची बंद झाली आहे, तिने ‘फोनबद्दल’ उघडून तारीख पाहिली, आणि आता कोडनेम कुठे असतं ते विचारत होती. सांगितलं. तिने पाठवलं. मी लिनिएजओएस चालणाऱ्या फोनांची यादी दोनदा वरून खाली पाहिली. तिचा फोन त्यात नाही. अजून तिला कळवलं नाही.