शेंगाचटणी, डब्याच्या तळापर्यंत

सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या एका गल्लीत चटणीचं लहानसं दुकान आहे. गेली 11 वर्षं मी शेंगाचटणी तिथूनच आणते. चवीबद्दल सोलापूरकरांना मी वेगळं काय सांगणार? प्रत्येक घराचं आपलं दुकान ठरलेलं असतं आणि दुसऱ्याचं कुणालाच पटत नाही. मला लिहायचंय ते डब्यात शेवटी उरते त्या चटणीबद्दल, कारण या दुकानाची खरी किंमत मला तिथे कळली.

इथली चटणी कुटलेली असते. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. वरून तेल घालत नाहीत, त्याची गरजच नाही. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. कुटताना दाणा चेपला जातो, तेल बाहेर येतं आणि लसूण-तिखट त्यात मुरतं. मिक्सरचं पातं दाणा कापत जातं. त्यात कोरडा भुगा तरी होतो, नाहीतर जरा जास्त फिरवलं की लगदा. इथली चटणी मुठीत दाबली तर मूठ वळते आणि बोटं लाल होतात.

आठ-दहा दिवस रोज भाकरीबरोबर खाल्ली की वरचे जाड तुकडे संपतात. बारीक तिखट, मीठ आणि सुटलेलं तेल तळाशी जाऊन बसतं. या शेवटच्या दोन-तीन चमच्यांत सगळ्यात जास्त चव असते आणि नेमके तेच आपण घासणीने खरवडून मोरीत घालवतो.

गेल्या वर्षी पुण्याला द्यायला म्हणून दुसरीकडून पाकिटबंद चटणी घेतली होती. एक पाकीट घरी ठेवलं. संपल्यावर कात्रीने उभं कापलं आणि आतलं खरवडून काट्यावर ठेवलं. पाव किलोच्या पाकिटात 14 ग्रॅम चटणी कोपऱ्यांत आणि शिवणीत अडकलेली होती. न कापता टाकलं असतं तर गेलीच असती. शिवाय ती तेलकट पिशवी भंगारवालाही घेत नाही. तेव्हापासून मी पाकीट बंद केलं.

या दुकानात आपला डबा चालतो. आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतात, मग चटणी. दर वेळी मालक विचारतात, "काकू, डबा कोरडा हाय ना?" आणि तरीही आतून बोट फिरवून बघतात. मला त्याचं फार बरं वाटतं. ओलावा राहिला तर बुरशी धरते, आणि मग तळाचंच काय, सगळंच जातं.

तळाच्या चटणीचं आमच्याकडे धपाटं होतं. ही पद्धत सासूबाईंची. मी पहिल्यांदा डब्यात पाणी घालून हिसळायला गेले तर त्यांनी हात धरला. "पाणी घातलंस की तेल डब्याला धरून बसतंय. आधी कोरडं पीठ घाल." तसंच करायचं. वाटीभर जवारीचं पीठ, मिळालं तर मालदांडी जातीच्या जवारीचं, मूठभर कणीक आणि थोडं बेसन सरळ डब्यातच टाकायचं आणि कोरड्या हाताने कडेकडेने चोळायचं. पीठ तेल ओढून घेतं आणि डबा आतून जवळजवळ पुसल्यासारखा होतो. मग त्यात बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लागेल तसं आंबट ताक. मीठ मात्र चाखून घाला, चटणीत असतंच. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे बोटाने भोकं पाडायची, तव्यावर उलटायचं. एवढ्यात चार धपाटी होतात. वरून तेलही कमी लागतं.

पीठ मळायला वेळ नसेल तर डब्यातच गरम भात कालवा. कडक भाकरी चुरून घातली तरी चालते. माझा नातू दही घालून डबाच पुढ्यात ओढतो.

एक मात्र सांगते, वाचवायचं म्हणून खराब झालेलं पोटात घालू नका. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात याच दुकानाची चटणी खवट लागली होती. मी ती सगळी टाकली. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं तर मालकांनी वाद घातला नाही, बदलून दिली. नुसता खवटपणा असला तर चव जाते. पण बुरशीचा वास किंवा कडवटपणा आला तर गोष्ट वेगळी. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि ते तव्यावर भाजूनही पुरतं जात नाही. अशा चटणीचं धपाटं करू नये.

तक्रार एकच. पाव किलोच्या खाली देत नाहीत. एकट्या राहणाऱ्या माणसाला ती महिनाभर पुरते, आणि शेवटच्या आठवड्यात लसणाचा वास उतरलेला असतो. आमच्या शेजारच्या मावशी म्हणूनच माझ्याबरोबर भागीत घेतात. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत दुपारी जाऊ नका, उभं राहायला जागा नसते. सकाळी लवकर गेलात तर त्याच दिवशी कुटलेली मिळते.

काल रात्री डबा संपला. आज सकाळी धपाटी झाली, डबा घासून गच्चीवर उन्हात पालथा घातलाय. संध्याकाळी मावशींचा डबा घेऊन दोघी जाणार आहोत.