३४ फुटी शिडाची बोट विकून १९ फुटी कॉर्निश श्रिंपर (छोटी शिडाची बोट) घेतली, दोन सीझननंतर

आमची मोठी बोट होती तेव्हा शेवटी शेवटी सेलिंग कमी आणि मरीनाचं भाडं भरणंच जास्त चालू होतं, त्यात गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून ती विकली आणि सेकंडहँड श्रिंपर घेतली. चालवतो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला, चिचेस्टर हार्बर आणि सोलेंट सामुद्रधुनीत.

सगळ्यात भारी म्हणजे प्लेट (बोटीच्या तळातल्या फटीतून खाली-वर होणारा धातूचा जाड पत्रा) वर घेतली की हिला दीड फूट पाणी पुरतं, खाली सोडली की चार. ओहोटीला ईस्ट हेडच्या वाळूजवळ मोठ्या बोटी फिरकत नाहीत तिथे आपण नांगर टाकून मस्त चहा पीत बसायचं. एकदा सकाळी प्लेट खालीच येईना, बघतो तर फटीत सुपारीएवढी गारगोटी अडकलेली! चूक माझीच, रात्री हौसेने वाळूवर बसवली होती ना.

गाफ रिग (शिडाची वरची कड तिरक्या काठीला बांधायची जुनी पद्धत) दिसायला झकास, पण दोऱ्या जास्त, पहिले काही दिवस घोळ होणारच, आणि वारा येतो त्या दिशेने चढायला जुन्या बोटीइतकी जमत नाही हे मान्य.

केबिनमध्ये उभं राहता येत नाही. बसूनच पोहे परतायचे, मान वाकडी करून. बायको हिला तंबू म्हणते. पावसात दोन रात्री ठीक, तिसऱ्या रात्री भांडण.

डोलकाठी आडवी करून ट्रेलरवर घरी आणता येते, पण बोटच टनभर आहे, वर ट्रेलरचं वजन, आमच्या हॅचबॅकला झेपेना म्हणून गाडी बदलावी लागली, तो खर्च आधीच धरा.