कृष्णद्रव्याच्या शोधात पीएचडी: झेनॉन की ॲक्सिऑन?

कृष्णद्रव्याच्या, म्हणजे डार्क मॅटरच्या, प्रयोगांत पीएचडी करू पाहणारे आधी विचारतात, ‘कोणता कण खरा निघेल?’ हे आज कुणीच सांगू शकत नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीने 1933 मध्ये कोमा नावाच्या समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले तेव्हापासून न दिसणाऱ्या वस्तुमानाचे पुरावे वाढतच गेलेत. ते कशाचं बनलंय हे मात्र अजून कळलेलं नाही. म्हणून काहीच सापडलं नाही तरी कोणतं काम आवडीने कराल, यावर निवड करा.

झेनॉन या निष्क्रिय वायूची वाट ‘विम्प’ नावाच्या जड कणांमागे जाते, तर ॲक्सिऑन हा स्वतःच एक कल्पिलेला, अतिशय हलका कण. अमेरिकेतल्या दक्षिण डकोटात, होमस्टेकच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोल ‘एलझेड’ हा प्रयोग आहे. तिथे सात टन द्रवरूप झेनॉनवर नजर ठेवलेली असते. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालचा ‘झेनॉन-एनटी’ आणि चीनमधल्या जिनपिंगचा ‘पांडाएक्स’ याच जातीचे. झेनॉनच्या अणूला धक्का बसला की आधी एक क्षीण चमक उठते. मग सुटलेले इलेक्ट्रॉन वरच्या वायूच्या थरात खेचले जातात आणि दुसरी, मोठी चमक होते. धक्का अणुकेंद्राला बसला की इलेक्ट्रॉनला, हे दोन चमकांच्या प्रमाणावरून कळतं. विम्पकडून अपेक्षा अणुकेंद्राला धडकण्याची.

ऐकायला हे छान वाटतं, पण रोजचं काम म्हणजे रेडॉनशी भांडण. उपकरणाच्या धातूतून झिरपणारा हा वायू, झेनॉनमध्ये राहून गेलेला क्रिप्टॉनचा अंश, असल्या किरणोत्साराचा हिशेब जुळवण्यात वर्षं जातात. 2020 मध्ये ‘झेनॉन-एनटी’च्या आधीच्या ‘झेनॉन-वनटी’ला इलेक्ट्रॉनच्या धक्क्यांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त दिसली आणि सिद्धान्त मांडणाऱ्यांची झुंबड उडाली. 2022 मध्ये अधिक स्वच्छ ‘झेनॉन-एनटी’त ती वाढ दिसलीच नाही. ‘एलझेड’ने 2024 मध्ये 280 दिवसांची मोजणी मांडली, तीही रिकामी. त्याच वर्षी ‘झेनॉन-एनटी’ आणि ‘पांडाएक्स’ला सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या, म्हणजे पदार्थातून सहज आरपार जाणाऱ्या अतिहलक्या कणांच्या, धक्क्यांची चाहूल लागली. उपकरण म्हणून ही कमाल, पण शोधाच्या दृष्टीने अडचण: हे न्यूट्रिनो हलक्या विम्पसारखेच धक्के देतात आणि कितीही खडक वर असला तरी अडत नाहीत.

ॲक्सिऑनचा मामला निराळा. प्रबल अन्योन्यक्रियेतलं, म्हणजे अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलातलं, एक कोडं सोडवताना 1977-78 मध्ये हा कण सुचला. कृष्णद्रव्य म्हणून तो चालेल हे नंतर लक्षात आलं. म्हणजे कृष्णद्रव्य नसतं तरी त्याला शोधायला कारण होतं, आणि मला ही जमेची बाजू वाटते. पिएर सिकिवी यांनी 1983 मध्ये मार्ग दाखवला: तीव्र चुंबकीय क्षेत्रात ॲक्सिऑनचं रूपांतर फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशकणात, होऊ शकतं. सिॲटलच्या ‘एडीएमएक्स’ प्रयोगामध्ये अतिशीत धातूची पोकळी अशा क्षेत्रात ठेवून, रेडिओची खुंटी फिरवावी तशी तिची वारंवारता थोडी थोडी सरकवतात. 2018 मध्ये त्यांनी 645 ते 680 मेगाहर्ट्झचा पट्टा पुरेशा संवेदनशीलतेने तपासल्याचं जाहीर केलं. एवढासाच! कणाचं वस्तुमान ठाऊक नसल्यामुळे असे पट्टे कितीतरी उरतात. वारंवारता वाढवावी तशी पोकळी लहान होते, संकेत मंदावतो आणि क्वांटम गोंगाट, म्हणजे मोजमापात निसर्गतःच असणारी खळबळ, आडवा येतो. येल विद्यापीठातल्या ‘हेस्टॅक’ प्रयोगाने 2021 मध्ये क्वांटम युक्तीने तो गोंगाट दाबून शोधाचा वेग जवळपास दुप्पट केला.

कणांची टक्कर घडवणाऱ्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरचा पर्यायही आहे. तिथे अदृश्य कण निसटला हे कळेल, पण तो विश्वाच्या वयाइतका टिकतो का, हे तिथे ठरत नाही. तिसरी वाट आकाशाकडे बघण्याची: फर्मी या अवकाश दुर्बिणीला आकाशगंगेच्या केंद्राकडे दिसलेले जास्तीचे गॅमा किरण कृष्णद्रव्यामुळे की पल्सारमुळे, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्यांमुळे, हा वाद चालूच आहे. त्यामुळे खगोलशास्त्राची ओढ असेल तरच तिकडे जा.

माझा कौल हाताने काम करणाऱ्यांसाठी ॲक्सिऑनला. गट छोटे असतात. पोकळी, प्रवर्धक (संकेत वाढवणारं उपकरण), शीतकरण सगळ्यात शिरता येतं, आणि हे कौशल्य क्वांटम संगणनातही चालतं. विदा-विश्लेषण (डेटा ॲनालिसिस) आवडत असेल आणि शेकडो जणांच्या चमूत एक छोटा कोपरा सांभाळायला हरकत नसेल, तर झेनॉन उत्तम. अर्ज करताना झेनॉनच्या गटाला विचारा, सध्याची मोजणी कधी संपते आणि पुढचं उपकरण कोणत्या टप्प्यावर आहे. ॲक्सिऑनच्या गटाला विचारा, पुढचा पट्टा कोणता आणि त्यासाठीचा प्रवर्धक तयार आहे की तो तुम्हालाच बनवायचा आहे.