दुबईतली इंटरनॅशनल शाळा: वर्षभरानंतर आमचं मत

सध्या सुट्टीत रत्नागिरीला आलोय आणि जो भेटतो तो हेच विचारतो, आमचे पण पोरांना तिकडे नेतायत, शाळा कशी? इथे घरटी एखादा माणूस गल्फात असतोच म्हणून लिहूनच टाकते. नाव नाही देत. ब्रिटिश करिक्युलम, मुलगा इयर फोरमध्ये, म्हणजे आपली तिसरी बरं का, सासूबाई गावभर चौथी सांगत फिरतायत.

शिकवणं छानच. पाठांतराचा मारा नाही, पोरगा उलट प्रश्न विचारायला लागलाय, अरबी सक्तीची आहे तीही बरी जमते.

त्रास आहे तो शाळा वाढतेय त्याचा. दुबईत माणसं येतायत तेवढी येतायत, त्यामुळे वर्षाच्या मध्येही अ‍ॅडमिशन चालूच, आम्ही घेतली तेव्हा दोन तुकड्या होत्या, आता चार, पण कॅन्टीन आहे तेवढंच. मग जेवायच्या पाळ्या लावल्या आणि आमच्या पोराची पाळी पावणेअकराला! ह्या वेळी कोण जेवतं? डब्यातली पोळी-भाजी तशीच परत, आणि घरी आल्या आल्या दप्तर फेकून फ्रिज उघडायचा. बसचे स्टॉप वाढले, म्हणजे सकाळी अजून लवकर उठा. टीचर टर्म संपायच्या आत सोडून गेली, तिच्या जागी आलेली पण टिकली नाही. बाकी बाबांची नोकरी बदलली की वर्गातलं पोरही जातं, आमच्या पोराचा जिगरी दोस्त असाच दोहाला गेला, हे मात्र कुठल्याही शाळेत होणारच.

फीचं तरी बरंय, केएचडीए म्हणून सरकारी संस्था आहे, ती मनाला येईल तशी वाढ करू देत नाही, २०२५-२६ साठी २.३५ टक्के ठरवले होते. बस, युनिफॉर्म, ट्रिपा ह्यांचे पैसे वेगळे, तिथे खिसा कापला जातो. केएचडीएच्या साइटवर शाळांचे इन्स्पेक्शन रिपोर्ट असतात ते वाचा, पण रिपोर्ट कुठल्या सालचा ते आधी बघा, नंतर शाळा दुप्पट झालेली असू शकते. आणि बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल नका बघू, जेवायच्या वेळी कॅन्टीन बघा.

सीट सोडत नाहीये, पुढच्या वर्षाचे पैसे भरलेत. फक्त यंदा (२०२५) शाळा सुरू २५ ऑगस्टला आणि गणपती २७ ला. आमचा दीड दिवसाचा, तिकिटं २९ ची काढलीत, अटेंडन्स गेली तर गेली.