आमच्या सोसायटीच्या पाण्याचे रिपोर्ट बनावट निघाले. तुमचीही फाइल उघडून बघा

पुण्याच्या हद्दीत अलीकडे आलेल्या गावांमध्ये ज्यांची घरं आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, पण महापालिकेचं पुरेसं पाणी काही सगळीकडे पोचलं नाही. मग बोअर, उन्हाळ्यात टँकर, आणि या सगळ्या पाण्याचं शुद्धीकरण एखाद्या ठेकेदाराकडे. आमच्या सोसायटीतही हेच होतं. त्या ठेकेदाराने आम्हाला महिनोन्महिने बनावट तपासणी अहवाल दिले आणि प्रत्येक अहवालाचे पैसे घेतले. प्रकरण पोलिसांकडे असल्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही. त्याने हे कसं केलं ते मात्र तपशिलाने लिहिते, कारण दुसरा कोणी नेमकं हेच तुमच्याकडे करत असू शकतो.

त्याची सुरुवातच खोट्याने झाली होती. सर्वसाधारण सभेत त्याने टेबलावर काचेचे दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. मग धातूच्या सळ्या असलेलं विजेचं एक छोटं यंत्र दोन्ही ग्लासांवर ठेवून बटण दाबलं. मिनिटभरात नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी गाळ तरंगायला लागला. दुसरा ग्लास जसाच्या तसा नितळ. ‘‘हे तुम्ही मुलांना पाजताय,’’ एवढंच तो म्हणाला. त्याच सभेत प्लँटचा आणि वार्षिक देखभालीचा ठराव मंजूर झाला.

हा प्रयोग अजूनही सोसायट्यांमधून आणि घरोघरी दाखवला जातो, म्हणून त्यामागचं कारण नीट समजून घ्या. त्या सळ्यांमध्ये लोखंड असतं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचाच गाळ दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, त्यामुळे वीज जवळजवळ वाहतच नाही आणि पाणी स्वच्छ राहतं. दिसणारी घाण सळईची असते, पाण्याची नव्हे. आमच्या बी विंगमध्ये रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना बाईच म्हणतात. बाई त्या सभेच्या वेळी मुलीकडे परगावी होत्या. पुढे त्यांनी तसलंच यंत्र मिळवून समितीसमोर आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि बटण दाबलं. तेही पाणी तसंच तपकिरी झालं.

करार मोठा होता. सगळ्या इमारतीच्या पाण्यासाठी सँड फिल्टर, कार्बन फिल्टर आणि पाण्याचा कठीणपणा कमी करणारा सॉफ्टनर, टाकीत हायपो (क्लोरीनचं द्रावण) सोडणारा डोसिंग पंप, तळमजल्यावर पिण्याच्या पाण्याचा आरओ, ठरावीक मुदतीने नवी मेंब्रेन (आरओमधला पाणी गाळणारा पडदा) आणि दर महिन्याला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल. अहवाल दोन यायचे, एक आरओच्या पाण्याचा आणि एक घरातल्या नळाच्या पाण्याचा. दोन्हींवर ‘पिण्यास योग्य’ लिहिलेलं असायचं. त्यामुळे बरीच घरं तळमजल्यावर बाटल्या भरायला न जाता स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणीच उकळून वापरत होती. कुणी पाण्याबद्दल शंका काढली की ठेकेदार टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवायचा. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण. पाण्यात मैला मिसळला आहे का, जंतू आहेत का, हे त्या मीटरला कळत नाही.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुइयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. महापालिकेने त्या पट्ट्यातले खासगी आरओ प्रकल्प बंद करायला सुरुवात केली. आमच्या सोसायटीत तेव्हा कुणाला काही झालं नव्हतं, पण माझ्यासारख्या समितीतल्या नव्या सभासदांनी पाण्याच्या फायली मागून घेतल्या. बाई आणि मी त्यांच्या घरी बसून एकेक कागद वाचला.

पहिली गोष्ट बाईंनी पकडली. नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची तारीख आणि अहवाल दिल्याची तारीख एकच होती, आणि त्यात कोलिफॉर्म जंतू ‘आढळले नाहीत’ असंही होतं. हे जंतू वाढवून बघावे लागतात. नेहमीच्या पद्धतीने २४ ते ४८ तास नमुना उबवणीला ठेवल्याशिवाय ‘आढळले नाहीत’ असं म्हणताच येत नाही.

दुसरी गोष्ट साध्या हिशोबाची होती. कॅल्शियम लिटरला ८२ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ३४ आणि एकूण कठीणपणा १८६. कठीणपणा या दोघांतूनच निघतो. कॅल्शियमला अडीचने गुणायचं, मॅग्नेशियमला ४.१२ ने, आणि बेरीज करायची. नुसत्या कॅल्शियमचेच २०५ होतात, दोन्ही मिळून ३४५. म्हणजे कुणीतरी कठीणपणाचा आकडा बदलून २०० या मर्यादेखाली आणला होता, सॉफ्टनर चालू आहे असं दिसावं म्हणून. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आकडे बदलायचे मात्र राहिले होते. नायट्रेट तर सगळ्या अहवालांत एकच, १२. मे महिन्यात निम्मं पाणी टँकरचं, ऑगस्टमध्ये बोअर तुडुंब, तरी नायट्रेट दशांशानेही हललं नव्हतं.

मग मी एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून त्या प्रयोगशाळेचा नंबर शोधून फोन केला. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची यादी आणि प्रत्येकीला कोणकोणत्या चाचण्यांची मान्यता आहे, हे तिथे कुणालाही बघता येतं. प्रयोगशाळा खरी होती, माणसंही चांगली होती. अहवालावरचा यूएलआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक अहवालाचा स्वतंत्र क्रमांक, त्यांनी तपासला आणि तो भलत्याच ग्राहकाच्या नमुन्याचा निघाला. त्यांच्या एका जुन्या पीडीएफमध्ये आमच्या सोसायटीचं नाव आणि हवे ते आकडे घालून ठेकेदार ती आम्हाला देत होता. खाली क्यूआर कोडही होता. तो स्कॅन केला की हीच बनावट पीडीएफ उघडायची, कारण ती त्याने स्वतःच कुठेतरी चढवून ठेवली होती.

सुरुवातीचे दोन-तीन अहवाल प्रयोगशाळेनेच दिलेले, अस्सल होते. मला सगळ्यात जास्त चीड त्यांची आली. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की नमुना ग्राहकाने आणून दिला आहे आणि निष्कर्ष फक्त त्या नमुन्यापुरते आहेत. प्रयोगशाळा बाटलीतलं पाणी तपासते. ते पाणी कुठल्या नळाचं आहे याची हमी ती देत नाही, देऊही शकत नाही. बाटली भरणारा आमचा ठेकेदारच होता, आणि पाणी चांगलं निघालं तरच त्याचं बिल निघणार होतं.

आम्ही ठेकेदाराला न कळवता नमुने घेतले. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा. ती निर्जंतुक असते आणि आत थोडं सोडियम थायोसल्फेट असतं. पाण्यातलं क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि निकाल खोटा चांगला येतो, ते या औषधाने थांबतं. म्हणून ती बाटली विसळायची नाही. नळाचं तोंड स्पिरिटने पुसून पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचं, बाटली काठोकाठ न भरता बंद करायची, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे. तिथे शुल्क भरून तपासणी करून मिळते का, याची चौकशी करा.

निकाल आले. वरच्या मजल्यावरच्या नळाच्या पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातून येणारा जंतू होता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० नुसार १०० मिलिलिटर पाण्यात तो मुळीच आढळता कामा नये. शिल्लक क्लोरीन शून्य होतं, खरं तर किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. नायट्रेट ७८ होतं. त्याची मर्यादा ४५ आहे आणि तिच्यात कुठलीही सवलत नाही. सॉफ्टनरने नायट्रेट जात नाही, क्लोरीनने जात नाही, आणि पाणी उकळलं की वाफ उडून जाते, नायट्रेट मागे राहून उलट वाढतं. सी विंगमध्ये एक वहिनी बाळाला वरच्या दुधासाठी हेच पाणी वीस-वीस मिनिटं उकळून देत होत्या. सहा महिन्यांखालच्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जास्त नायट्रेटने कमी होते, बाळ निळं पडू शकतं. त्यांना हे सांगायला मीच गेले. बाळ सुखरूप आहे. पण त्या माउलीचा चेहरा पाहिल्यावर हे प्रकरण आपसात मिटवायचं नाही, हे माझ्यापुरतं ठरलं.

पुढची तपासणी दुसऱ्या तंत्रज्ञाकडून करून घेतली. आरओची मेंब्रेन ज्यात बसवतात ते नळकांडं उघडलं तर आत पहिल्या दिवशी बसवलेलीच मेंब्रेन होती. तिच्यावरचा अनुक्रमांक मूळ बिलाशी जुळला. नव्या मेंब्रेनची जी बिलं आम्ही भरली होती, त्यावरचा क्रमांक आत कुठेच नव्हता. हायपोचा कॅन कोरडा होता. समितीचे लोक पाहणीला यायचे त्या दिवशी ऑपरेटर टाकीजवळच्या नळात क्लोरीन येईल एवढा हायपो वरून ओतायचा. क्लोरीन तपासायचे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायचं आणि सगळे निश्चिंत होऊन घरी जायचे. हे त्या ऑपरेटरनेच रडत सांगितलं. त्याला महिन्याचा पगारही धड मिळत नव्हता.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिथल्या छोट्या ग्रामपंचायतीतसुद्धा जलसुरक्षक असतो, तो टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, ओटी टेस्ट म्हणजे ऑर्थोटोलिडीनची तीच चाचणी करतो, स्रोतांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. त्यात उणिवा असतील, पण पाण्याबद्दल विचारणारं कुणीतरी असतं. आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्याबद्दल इतक्या वर्षांत कुठल्याही कार्यालयातून एक प्रश्न आला नाही. १०५०० हे मानक आहे, पण आमच्यासारख्या ठिकाणी ते पाळलं जातंय का हे बघायला कुणी येत नाही, आणि हे ठेकेदाराला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. शेकडो माणसं जे पाणी पितात त्याची सक्तीची, सरकारी तपासणी झालीच पाहिजे, असं आम्ही महापालिकेला लेखी कळवलं आहे.

ठेकेदाराला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, ‘‘मॅडम, सगळीकडे असंच चालतं. तुम्हाला रिपोर्ट हवा होता, तो मी दिला.’’ भारतीय न्याय संहितेच्या ३१८, ३३६ आणि ३४० या कलमांचा, म्हणजे फसवणूक, बनावट दस्तऐवज आणि त्याचा वापर, उल्लेख करून आम्ही तक्रार दिली आहे. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जात आहोत. मूळ पीडीएफ, ईमेल, बिलं, मेंब्रेनचे फोटो आणि प्रयोगशाळेचं लेखी उत्तर जपून ठेवलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेल्या फाइलवर विसंबू नका, ज्या ईमेलने अहवाल आला तो ईमेल ठेवा.

नव्या करारात नमुना घेण्याचं आणि तपासणीचं काम शुद्धीकरणाच्या ठेक्यातून काढून टाकलं आहे. प्रयोगशाळेचा माणूस येऊन वरच्या मजल्यावरच्या, दर वेळी वेगळ्या विंगच्या नळातून नमुना घेतो, सोसायटी त्याचे पैसे थेट देते आणि अहवाल थेट सचिवांच्या ईमेलवर येतो. मेंब्रेन बदलताना दोन सभासद हजर राहून क्रमांक लिहून घेतात.

हा ठेकेदार आजही आमच्या परिसरातल्या इतर सोसायट्यांमध्ये काम करतो आहे. तुमच्या अहवालावर नमुना मिळाल्याची आणि अहवालाची तारीख एकच असेल, किंवा नायट्रेटचा आकडा महिनोन्महिने तोच असेल, तर उद्याच त्या प्रयोगशाळेला फोन करून यूएलआर क्रमांक तपासा. फोन नंबर अहवालावरचा घेऊ नका, एनएबीएलच्या यादीतला घ्या. आणि घरात तान्हं बाळ असेल तर निकाल येईपर्यंत बोअरचं पाणी, उकळलेलंसुद्धा, त्याच्या दुधात वापरू नका.